क्रियापदाच्या सहा शेपट्या

अंबोली, अंधेरी
ता. ९ जानेवारी १९५५, रविवार

अल्फान्सो,

तुला मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बस. चुलीवर काही असेल तर उतरव, नाहीतर तुझ्या पाद्र्यांना आज करपलेलं जेवावं लागेल.

आमच्या जॉनीचं पत्र आलं. त्याने लग्न केलंय. ऑक्टोबरात केलं आणि आईला जानेवारीत कळवलं. सात वर्षांपूर्वी बोटीवर फिटर म्हणून गेला, स्पेनमधल्या व्हिगो नावाच्या बंदरात जिन्यावरून पडून पाय मोडून घेतला, बोट पुढे गेली आणि हा तिथेच मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करत बसला. आता कळलं पाय का बरा होत नव्हता.

स्पेनची मडम सून येणार म्हटल्यावर सगळी आळी ओट्यावर जमली. नाव काय, नाव काय? मी पत्र उलगडून वाचलं: कार्मेन. सगळ्यांची तोंडं उतरली. आपल्या आळीत आधीच तीन कार्मेन आहेत, त्यातली एक बकरी.

दोघं एप्रिलच्या शेवटी येतात. "आई, घरी येतोय," असं लिहिलंय त्याने. घरी, म्हणजे आता कायमचा. मागच्या खोलीला चुना लावायला माणूस सांगितला. मला एकसष्टावं लागलं, अल्फान्सो. मला माझा मुलगा घरात पाहिजे, दुसरं काही नको. पण ती तिकडची पोरगी इथे रमली नाही तर त्याला घेऊन परत बोटीवर चढेल. म्हणून तिला पहिल्या दिवसापासून कामाला जुंपायची. कामात असलेल्या बाईला पळून जायला फुरसत नसते, हे मी स्वतःवरून सांगते.

अडचण एकच, तिला स्पॅनिशशिवाय काही येत नाही. तू बावीस वर्षं मुलुंडच्या स्पॅनिश पाद्र्यांच्या बंगल्यात रांधतोस आणि प्रत्येक बारशाला त्यांची भाषा येते म्हणून मिशीला पीळ भरतोस. ती भाषा मला शिकव. गोड बोलायला नको, गोड बोलायला जॉनी आहे. मला ओरडायला पाहिजे. सुनेला न कळणाऱ्या भाषेत ओरडून उपयोग काय? माझी सासू मला जे काही बोलली त्यातला शब्द न शब्द मला कळत होता, म्हणून तर मी सुधारले.

सुरुवातीला हे शब्द पाठव: धुणे, झाडणे, खाणे, कांडणे, ओरडणे. तोंड बंद ठेवणे याला एक शब्द असेल तर तोही.

तुझी बहीण,
सेराफिना


मुलुंड
ता. १४ जानेवारी १९५५

सेराफिना बाय,

तुझं पत्र वाचून मी बसलो तो अर्धा तास उठलो नाही. डाळ करपली. फादरांनी ती स्पेनची आठवण येते म्हणून आवडीने खाल्ली.

तू योग्य माणसाकडे आलीस. नीट ऐक. स्पॅनिश क्रियापद म्हणजे बोंबील समज. प्रत्येकाला शेपटी असते, आर, एर किंवा इर. आधी ती शेपटी कापायची. उरलेल्या धडाला, काम कोण करतंय ते बघून नवी शेपटी लावायची. आर जातीच्या शेपट्या सहा आहेत: मी करत असेन तर ओ, तू करत असशील तर आस, तो किंवा ती करत असेल तर आ, आपण मिळून आमोस, तुम्ही सगळे आइस, ते सगळे आन. आता लावार, म्हणजे धुणे, हे घे. लावो, मी धुते. लावास, तू धुतेस. लावा, ती धुते. लावामोस, लावाइस, लावान. झालं!

एर जातीला आ काढून ए घालायचा. कोमेर म्हणजे खाणे: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. बार्रेर म्हणजे झाडणे, तेही तसंच. इर जात एरच्या मागेच चालते, फक्त आपण आणि तुम्ही आले की थोडे नखरे करते. ते मागाहून.

जी क्रियापदं अशी शहाण्यासारखी वागतात त्यांना नियमित म्हणतात. बाकीची वाह्यात आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस. काळही एकच शिकवतो, वर्तमान. आमचे म्हातारे फादर म्हणतात की भूतकाळ कबुलीजबाबाच्या वेळी लागतो आणि भविष्यकाळ देवाच्या हातात असतो. रोजच्या माणसाला वर्तमान पुरतो.

जॉनीचं मलाही पत्र आलं. विशेष काही नाही. तिकडे थंडी आहे म्हणतो.

तुझा गुरू आणि भाऊ,
अल्फान्सो


मुलुंड
ता. १५ जानेवारी १९५५

जॉनी,

नवऱ्या मुला, मामाचे आशीर्वाद. सुनेलाही सांग.

आता कान इकडे कर. तू मला लिहितोस की आम्ही फक्त सहा आठवड्यांसाठी येतोय, जूनमध्ये परत व्हिगोला जाणार, आणि हे मामा तुम्ही आईला सांगा. मामाने काय पाप केलंय? तुझी आई तुमच्यासाठी खोलीला चुना लावते आहे. तू बोटीवर गेलास तेव्हा ती नऊ दिवस पेजेवर होती आणि मला दारात उभं केलं नव्हतं, कारण तुझी बोटीवरच्या नोकरीची चिठ्ठी मी आणून दिली होती. पुन्हा ते काम माझ्याकडे नको. तू स्वतः लिही. आजच लिही.

येताना माझ्यासाठी तिकडचं ऑलिव्हचं तेल आण.

मामा


अंबोली
ता. २ फेब्रुवारी १९५५

अल्फान्सो,

तुझे बोंबील पोहोचले. तीन आठवडे कोंबड्यांवर शिकतेय. "बार्रो!" म्हणून झाडू काढला की कोंबड्या आता आपोआप बाजूला होतात. मराठीत सांगून कधी झाल्या नव्हत्या.

भाषा मात्र आतल्या गाठीची आहे. मी, तू, ती असं उघड म्हणतच नाहीत, शेपटीत लपवून ठेवतात. नुसतं लावास म्हटलं की तू धुतेस. बोट दाखवायची गरज नाही, आणि वर बोट न दाखवता नेमकं बोलल्यासारखं होतं. सासवांसाठीच केलेली भाषा दिसते. पण ते "तुम्ही सगळे" मला कशाला? एकच तर सून आहे.

मी रोज सहाही शेपट्या म्हणते, पण माझं सगळं लक्ष दुसरीवर. तू धुतेस, तू झाडतेस, तू खातेस. मी आणि ती यांचं मला फारसं काम पडणार नाही.

आता पुढचे शब्द. वाट बघणे याला काय म्हणतात? सात वर्षं मी जे केलं ते तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. आणि दुसरं म्हणजे परत जाणे. पहिल्या दिवशी जेवायला बसलो की मला सांगायचंय, या घरातून आता कुणी परत जात नाही. तेवढं वाक्य नीट बसवून दे.

जॉनीचं पुन्हा पत्र आलं. चार ओळी. दोन वेळा "आई, एक सांगायचं होतं" असं लिहून खोडलंय. लाजत असेल.

सेराफिना


मुलुंड
ता. ६ फेब्रुवारी १९५५

सेराफिना बाय,

प्रगती झकास आहे. कोंबड्यांचं फादरांना सांगितलं, ते खोकला लागेपर्यंत हसले.

वाट बघणे म्हणजे एस्पेरार. अगदी गरीब क्रियापद, आर जातीचं: एस्पेरो, एस्पेरास, एस्पेरा, एस्पेरामोस, एस्पेराइस, एस्पेरान. ओरडणे म्हणजे ग्रितार. ग्रितो, ग्रितास, ग्रिता. आणि कांडणे म्हणजे माचाकार. हे तोंडात घोळवून बघ, मजा येते.

परत जाणे मात्र राहू दे. ते वाह्यात क्रियापद आहे. शेपटी कापायला जावं तर धड बदलतं, प्रत्येक वेळी नवीनच काहीतरी होतं. मला बावीस वर्षांत धड जमलं नाही. शिवाय पहिल्याच दिवशी जेवताना असलं कशाला बोलायचं? "तू खातेस, आम्ही खातो" असं म्हण. छान वाटेल.

अल्फान्सो


अंबोली
ता. २७ मार्च १९५५

अल्फान्सो,

वाट लागली आहे, पण मजेची. सांगते.

ईस्टरचं तांदळाचं पीठ कांडायला सुगंधा आपल्या दोघी जोडीदारणींना घेऊन आली होती. तीच ती सावंतवाडीकडची, जिचा नवरा गिरणीत आहे. मे महिन्यात आपला बाटलीचा मसाला कांडायलाही तीच येते. एका उखळात तीन मुसळं. एकीचं वर, एकीचं मध्ये, एकीचं खाली. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आपटतं, म्हणून त्या नेहमी हुं हुं करत असतात. मी बाजूला चाळण घेऊन बसले होते आणि सवयीने पुटपुटत होते: माचाको, माचाकास, माचाका. ते नेमकं त्यांच्या तालात बसलं! तीन मुसळं, तीन शेपट्या. दुसऱ्या फेरीला माचाकामोस, माचाकाइस, माचाकान, परत तीन. सुगंधाने हुं हुं सोडलं आणि सरळ माझ्यामागून म्हणायला लागली.

मग थांबून विचारते, "गो बाय, ह्यां गाणां तुमच्या देवाचां काय?"

मी म्हटलं, माझ्या सुनेच्या गावचं आहे.

"मगे चलता," म्हणाली. "देवाचां असतां तर आमच्या घोवाक सांगूचां लागलां असतां."

त्या दिवशी पीठ एक तास आधी झालं. आता सुगंधा जिथे कांडायला जाते तिथे हेच. पाणवठ्यावर पोरी म्हणतात, धोबी कपडे आपटताना म्हणतो. रविवारी चर्चमधून निघताना एका म्हातारीने मला थांबवून विचारलं की ही नवी प्रार्थना कोणत्या संताची आणि गुडघेदुखीला चालते का. मी हो म्हटलं. दुखणाऱ्याला नाही म्हणू नये.

आता तुझ्याकडे काम. मसाला यंदा जास्त करायचा, घरात दोन तोंडं वाढतात. पण दारूबंदीपासून बियरच्या काळ्या बाटल्या मिळायच्या बंद झाल्या. तुमच्याकडे मिसाच्या वाईनच्या हिरव्या बाटल्या रिकाम्या पडत असतील. बारा पाठव. देवाचं रक्त संपलं की आपली मिरची भरू.

सेराफिना


मुलुंड
ता. १३ एप्रिल १९५५

सेराफिना बाय,

ईस्टरच्या शुभेच्छा. दूधवाल्याच्या हाती बाटल्या पाठवतोय. बारा मागितल्यास, अठरा आहेत. राहू देत जास्तीच्या, लागतात कधीकधी.

एक सुचवतो. खोलीला चुना झाला तेवढा पुरे. नवा पलंग वगैरे घाईने करू नकोस. मुलं येऊ देत, बोलू देत, मग बघू. आपण सगळं आधी ठरवतो आणि मग आपल्यालाच त्रास होतो.

मला हल्ली झोप नीट लागत नाही. बहुतेक पित्त.

अल्फान्सो


अंबोली
ता. ४ मे १९५५

अल्फान्सो,

पलंग तेरा तारखेलाच आला होता. तुझ्या पोटात दुखतंय ते पित्ताने नाही, मला सून आली म्हणून. तू लग्न केलं नाहीस तो दोष माझा नाही.

आली एकदाची. जॉनी अंगाने भरलाय आणि थोडा लंगडतो. मी त्याला धरून इतकी रडले की त्याचा शर्ट बदलावा लागला. ती मागे पेटीपाशी उभी होती. उंच, हाडकुळी, नाक आपल्या कुर्ल्याच्या मावशीसारखं, केस काळे. लुगडं नेसवलं तर आळीत कुणी दोनदा बघणार नाही. माझा जरा हिरमोड झाला. मडम म्हणून काही दिसायला तर हवं.

जेवायला बसलो तेव्हा मी उभी राहून माझं भाषण केलं. पाठच होतं. मी कांडते, तू धुतेस, तू झाडतेस, आपण खातो. एकही शेपटी चुकली नाही. ती घास हातात धरून बघत राहिली. मग उठली, मला दोन्ही गालांवर मुके दिले आणि रडायला लागली. मला वाटलं ओरडणं लागू पडलं. जॉनी म्हणाला, "आई, घर सोडल्यापासून माझ्याशिवाय तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारी तू पहिली."

मी बसले. पुढचं भाषण गिळलं.

पण ऐक, ही काही गरीब गाय नाही. जेवण झाल्यावर मी ताटांकडे बघून म्हटलं, "लावास." तू धुतेस. तिने जॉनीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "जॉनी लावा." जॉनी धुतो! आणि तो गधडा उठून धुवायला बसला! माझ्या घरात पुरुषाने ताट धुतलं, अल्फान्सो, आपल्या बापाचा फोटो भिंतीवर असताना. मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्याने ताटं इतकी स्वच्छ धुतली की मी ती उचलून फळीवर लावली.

तिकडे ती मासळीच्या कारखान्यात होती, तारल्या डब्यात भरायची. काल वर्सोव्याची कोळीण दारात आली, तर हिने तिचा कोयता घेऊन टोपलीभर तारल्या तिच्या डोळ्यांदेखत साफ केल्या. कोळीण दोन तारल्या फुकट देऊन गेली. ती कोळीण मेलेल्यालाही फुकट काही देत नाही.

माझ्याशी ती सावकाश बोलते, सगळं वर्तमानात, मला कळावं म्हणून. संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसतो. मी एक क्रियापद टाकते, ती सहा शेपट्या परत देते. ती मला आवडते असं मी म्हणत नाही. पण ती राहील. मला दिसतंय, ती राहील. मसाला अठरा तारखेला कांडायचा आहे.

सेराफिना


अंबोली
ता. १९ मे १९५५

अल्फान्सो,

काल मसाला कांडला. सकाळी सुगंधाबरोबरची एक आली नाही, तेव्हा कार्मेनने मुसळ उचललं. सुगंधा "माचाको" म्हणाली मात्र, हिने मुसळ तसंच हवेत धरून ठेवलं. तिच्या शाळेत पोरी याच हेलात म्हणायच्या, असं जॉनीने सांगितलं. मग जी सुरू झाली ती दुपारपर्यंत थांबली नाही. मिरचीने सगळ्यांचे डोळे वाहत होते, नाकं वाहत होती, आणि आळीभर माचाकामोस, माचाकामोस. इतकी मजा माझ्या लग्नातसुद्धा झाली नव्हती.

बाटल्या भरल्या, काठीने ठासल्या, बुचं मारली. संध्याकाळी मी फळीवर लावायला गेले तर बारा. सहा कमी. मागच्या खोलीत त्यांची पेटी उघडी होती. सहा हिरव्या बाटल्या, लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून, आडव्या, एकाला एक लागू नये अशा.

पेटीत मसाल्याच्या बाटल्या म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. आपल्या गावातून जो कुणी बोटीवर गेला, आखातात गेला, त्याच्या पेटीत आईने बाटल्या ठेवल्या. सात वर्षांपूर्वी या हातांनी मीच ठेवल्या होत्या.

कार्मेन दारात आली. मी बाटलीवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "रेग्रेसामोस." आमोस कळलं, आम्ही दोघं. धड कळेना. तिने हाताने दाखवलं, जॉनी, मी, पेटी, समुद्र. आणि मला कळलं नाही असं वाटून बिचारीने ओट्यावरच्यासारखं बोटांवर मोजून दाखवलं: रेग्रेसो, रेग्रेसास, रेग्रेसा. काय सरळ चालतं रे ते! लावार इतकं सरळ. पोरंसुद्धा म्हणतील. याला तू वाह्यात म्हणालास. वाह्यात तू आहेस.

जॉनीला मी हलवून विचारलं. तेरा जूनची बोट. तुला जानेवारीपासून माहीत होतं. त्या सहा बाटल्या मी मागितल्याच नव्हत्या, तू पाठवल्यास, माझ्याच दूधवाल्याच्या हाती. चार महिने तू मला शेपट्या कापायला बसवलंस आणि माझं नाक कापलंस.

तिने पुढे आणखी काही सांगितलं. मी ऐकून घेतलं नाही. मी त्यांच्याशी बोलत नाही, तुझ्याशीही नाही. माझ्या दारात येऊ नकोस.

सेराफिना


मुलुंड
ता. २४ मे १९५५

सेराफिना बाय,

मी खोटं बोललो. भित्रेपणाने बोललो, दुसरं कारण नाही. जॉनीने सांगायचं काम माझ्यावर टाकलं, मी त्याच्यावर टाकलं, आणि दोघे भित्रे तुझ्या चुन्याकडे बघत बसलो. दर पत्रात सांगायचं ठरवत होतो. मग तू कोंबड्यांचं लिहायचीस, उखळाचं लिहायचीस, इतक्या आनंदात तुला मी आपली आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. माझ्या हातून ते मोडवेना.

आता खोटं निघालंच आहे तर सगळंच सांगतो. वर्तमानकाळ पुरतो असं फादर कधीच म्हणाले नाहीत. मला तेवढाच येतो. बावीस वर्षांत मला स्वयंपाकघरात कुणी आण, धू, वाढ याच्या पलीकडे काही बोललंच नाही. बारशांना मी पीळ भरतो तो नुसता मिशीचा.

ओरड माझ्यावर. पत्रातून ओरड. पण त्या मुलांशी अबोला नको धरू, तीनच आठवडे राहिलेत.

अल्फान्सो


मुलुंड
ता. ३ जून १९५५

बाय,

उत्तर नाही. शिव्या तरी लिही. एका कार्डावर मावतील तेवढ्या.

अल्फान्सो


अंबोली
ता. १४ जून १९५५

अल्फान्सो,

काल बोट सुटली.

शिव्या एका कार्डावर मावत नाहीत म्हणून लिहिल्या नव्हत्या. त्या तू आलास की समोर देईन. आधी झालेलं सांगते.

अबोला मी नऊ दिवस धरला. जॉनी चोरासारखा घरात फिरायचा. कार्मेन मात्र रोज सकाळी उठून झाडायची, पाणी भरायची, माझ्या पुढ्यात चहा ठेवायची, जणू अबोला हाही आपल्याकडचा एखादा सण आहे. दहाव्या दिवशी सकाळी मी राहिलेली हळद एकटीच कांडत होते. एकटीला ताल धरायला काहीतरी हवं, आणि डोक्यात रागच होता, म्हणून एस्पेरार घेतलं. तिला ऐकू जाईल अशा आवाजात, मुद्दाम. एस्पेरो, मी वाट बघते. एस्पेरास, तू वाट बघतेस. एस्पेरा...

तिथे मुसळ थांबलं. हा शब्द मी ऐकला होता. त्या दिवशी पेटीशी उभी राहून ती पुढे जे म्हणाली आणि मी कान बंद करून घेतले, ते हेच होतं. "मी माद्रे एस्पेरा." माझी आई वाट बघते.

मी हाक मारली. विचारलं, कोण? तिने फोटो आणला. म्हातारी माझ्याच वयाची, काळे कपडे, मांडीवर मासेमारीचं जाळं. नवरा समुद्रात गेला. जाळी दुरुस्त करते. एकच मुलगी. लेक इतक्या लांब जाते म्हटल्यावर ती बाई बंदरावर आली नाही, घराचं दार लावून बसली, आणि कार्मेनने बाहेरून दाराला तोंड लावून सांगितलं की मी जूनमध्ये परत येते.

अल्फान्सो, चार महिने मी सहाही शेपट्या रोज म्हटल्या. पण एस्पेरो म्हटलं की मला वाटायचं हा शब्द माझ्या एकटीचा आहे. तिसरी शेपटी कुणाची तरी असते, तिकडे एक बाई बसलेली असते, हे या टाळक्यात शिरलं नाही. आणि मी तिची एकुलती एक पोरगी चुन्याच्या खोलीत कोंडायला निघाले होते. मला माझी लाज वाटली. मी तिथेच हळदीच्या हातांनी कार्मेनला जवळ घेतलं. तिचा पांढरा झगा गेला कामातून.

मग उरलेल्या दिवसांत आम्ही जॉनीवर मिळून ओरडलो. ग्रितामोस. त्यात जो आनंद आहे तो एकट्याने ओरडण्यात नाही. ठरलंय ते असं: दोन वर्षांनी मसाल्याला इथे यायचं, पूर्ण उन्हाळा. मुसळं आळीपाळीने पडली तर मसाला होतो, दोन म्हाताऱ्यांनी एकदम खाली आणली तर फुटतात ती मुसळंच. सुगंधानेही हेच सांगितलं, फक्त दोन शिव्या जास्त घालून.

पेटी मी स्वतः भरली. सहाच्या सात बाटल्या केल्या. सातवी त्या बाईला, माझ्या लग्नातल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. तिच्याबरोबर पत्र दिलं. स्पॅनिशमध्ये लिहिलं, आपल्याच अक्षरांत. मी मोठ्याने म्हणत लिहीत होते, कार्मेन बाजूला बसून हसत होती, पण तिला मी एकही शब्द सुधारू दिला नाही. जॉनी वाचून दाखवेल. भूतकाळ मला येत नाही, भविष्यकाळ तुला येत नाही, तेव्हा सगळं वर्तमानातच आहे. तसं लिहिताना बरं वाटतं. वर्तमानात कुणी गेलेलं नसतं. तुझ्यासाठी मराठी करून खाली देते:

"मी सेराफिना. मी अंबोलीत राहते. मी मसाला कांडते. कार्मेन माझ्याबरोबर कांडते. ती चांगलं कांडते. आम्ही खातो, आम्ही ओरडतो, जॉनी ताटं धुतो. तू ताटं धुऊ नकोस, जॉनी धुतो. ही बाटली तिखट आहे, थोडी खा, पाणी जवळ ठेव. आज मी वाट बघत नाही, तू बघतेस. मग तू बघत नाहीस, मी बघते. एस्पेरो. एस्पेरास. एस्पेरामोस."

मागची खोली आता रिकामी आहे. नवा पलंगही. रविवारी ये आणि त्याच्यावर झोप, तुझं पित्त जाईल. येताना रिकाम्या बाटल्या आण.

आणि पत्रात एखादी शेपटी चुकली असेल तर मला कळवू नकोस. बोट गेली.

तुझी बहीण,
सेराफिना